पाचचा सेट

दोन सेटच्या मधे दोन मिनिटं विश्रांती घ्यायची, हा माझ्या जिममधला नियम. पण सकाळी सहाच्या बॅचमध्ये ती दोन मिनिटं कधीच दोन राहिली नाहीत! एकजण काहीतरी सांगायला घेतो, दुसरा त्याला तिखटमीठ लावतो, तिसरा "नाय नाय, असं नव्हतं झालेलं" म्हणून परत पहिल्यापासून सुरू करतो. त्यामुळे आज माझ्याकडे वजनांपेक्षा किस्से जास्त आहेत. वजनं निदान स्टँडवर ठेवता येतात, किस्से कुठे ठेवायचे? म्हणून सांगून टाकते.

मी मूळची रोह्याची. वीस वर्षं शाळेत पीटी शिकवलं, मग पेणला रामवाडीत हायवेजवळ गाळा घेऊन जिम टाकली. सहाच्या बॅचला मी मोठ्या हौसेने 'सीनियर फिटनेस' नाव दिलं. बोर्डही लावला. सगळं पेण तिला 'गुडघेवाली बॅच' म्हणतं.

या बॅचचे तीन खांब. गुप्ते सर, निवृत्त मुख्याध्यापक, यांचा खांदा आखडलेला, उजवा हात कानापर्यंतही वर जात नाही. हरेश म्हात्रे, डोलवीच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर फिटर, याची कंबर धरलेली. आणि हरेशची आत्या मंजुळाबाई, जिते गावची, वय पासष्टच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले. चौथी मी. माझं अजून सगळं शाबूत आहे, विशेषतः आवाज.

* * *

आत्या पहिल्या दिवशी आली ती लुगडं नेसून, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. मशिनींकडे तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मना वजन नाय उचलायचा गो. मना फक्त उठायचा हाय."

"म्हणजे?"

"खाली बसला का उठता येत नाय. चौघी लागतात उचलायला."

मी म्हटलं, "मग खुर्चीवर बस ना, आत्या. हल्ली सगळेच बसतात."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा शाळेत गेले! हरेशने मला बाजूला घेऊन सांगितलं. आत्या धवलारीण आहे. आमच्याकडे आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, त्याशिवाय हळद लागत नाही. तिने पाटावर मांडी घालून बसायचं, समोर तांदळाचा चौक, आणि तास-दोन तास देवांना, पूर्वजांना नावं घेऊन बोलवायचं. सगळं तोंडपाठ. तुळशीचं लग्न झालं की हरेशच्या मुलीचं, प्राचीचं लग्न होतं. आत्याच्या हातावर वाढलेली पोर. आणि हरेशच्या भावाने घरात म्हणून टाकलं होतं, "आत्येला कशाला त्रास? पेनड्राइव्ह लावू. सगळे धवले मिळतात त्याच्यात."

"पेनड्राइव्हला काय ठावं नवरीची पणजी कोन व्हती?" आत्या तिकडून ओरडली. ऐकायला तिला सगळं येतं! "आनि मी खुर्चीवर बसली तं देवांना काय खाली बसवायचा?"

मी चिठ्ठी वाचली. डॉक्टरांनी लिहिलं होतं, मांड्यांची ताकद वाढवा, हळूहळू. जून महिना चालू होता. मी म्हटलं, "आत्या, पाच महिन्यांत तू पाटावरून उठशील. एकटी."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, ते मलाही माहीत नव्हतं.

* * *

नेहमीचा सरळ बार या बॅचच्या एकाही माणसाला मानवला नाही. मानेमागे घ्यावा तर गुप्ते सरांचा हात मागे जाईना, ते शेतातल्या बुजगावण्यासारखे तिरके उभे राहिले. जमिनीवरून उचलावा तर हरेशची कंबर बोलायला लागली. आत्याच्या बाबतीत तर बार नडगीला घासायचा, लुगड्यात अडकायचा आणि पुढे ओढून गुडघ्यावर सगळा भार टाकायचा.

म्हणून ठरवलं, सांध्यांना सोसेल असा एक खास बार घ्यायचा. एकच! कारण गाळ्याच्या भिंतीला एकच बार टांगण्याइतकी जागा होती.

मी मोबाइलवर तीन फोटो दाखवले. एक गादीवाला, खांद्यावर ठेवायचा, पुढे धरायला दोन मुठी. दुसरा शिडीसारखा, आडवं पडून वर ढकलायचा. तिसरा षटकोनी चौकटीचा. आपण चौकटीच्या मधे उभं राहायचं, दोन बाजूंच्या मुठी धरायच्या आणि उठायचं. वजन पुढे लोंबत नाही, अंगाच्या दोन्ही बाजूंना राहतं.

"मतदान घ्या," गुप्ते सर म्हणाले. मुख्याध्यापकी जात नाही माणसाची.

मतदान घेतलं. सरांनी गादीवाल्याला मत दिलं, कारण खांदा. हरेशने षटकोनीला दिलं, कारण कंबर. मी शिडीला दिलं, कारण... खरं सांगू? मला तो आवडला होता! राहिलं आत्याचं मत. तिने तिन्ही फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि विचारलं, "याच्यातला बसलेल्याला उठवतो कोनता?"

कुणालाच सांगता येईना. माझं डोकंच फिरलं. पाच महिन्यांतला एक आठवडा आपण फोटो बघण्यात घालवला! मी म्हटलं, "फोटो पुरे. रोह्याला चला. माझ्या भावाकडे यातले दोन बार आहेत. हात लावून बघू."

* * *

रोह्याला माझ्या दादाची जिम आहे. रविवारी मेमू गाडीने आम्ही चौघं गेलो. वहिनीने कांदेपोहे केले होते. गुप्ते सर स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि दादाला विचारत होते, "वजन किती? लांबी किती? आधी कुणाच्या वापरात होता?" पोहे, चहा, चौकशी. आम्ही मुलगी बघायला आलोय का बार, हे शेजाऱ्यांना कळेना.

आधी गादीवाला काढला. सर खाली शिरले आणि चेहरा फुलला. खांदा दुखेना! "हाच! मॅडम, हाच घ्या!"

मग आत्याची पाळी. ती बारभोवती एक फेरी मारून आली. "हा तं जू हाय. मी काय बैल हाय गो?"

तरीही शिरली खाली. पण वरून भार येताच गुडघा कळवळला. तिने तोंडातून शब्द काढला नाही, पण मला दिसलं. मी लगेच तो काढून घेतला. सरांनीही पाहिलं होतं.

षटकोनी बार कोपऱ्यात गंजत पडला होता. दादा म्हणाला, "पोरं त्याला हात लावत नाहीत. म्हणतात, हे सोपं पडतं, ही काय खरी वेटलिफ्टिंग नाही!"

"सोपं पडतं?" मी विचारलं. "मग आण इकडे!"

दादाने तो जमिनीवर ठेवला. आत्या आत पाऊल टाकणार, इतक्यात थांबली. चपला काढल्या. वाकून लोखंडाला हात लावला, तो कपाळाला लावला, मग आत गेली.

"आत्या, देवळात नाही चाललीस," मी म्हटलं.

"मंग मना चौकात कशाला उभा केलास?" ती म्हणाली, आणि दोन्ही मुठी धरून सरळ उठली.

तोंड वाकडं नाही, कण्हणं नाही. खाली ठेवला, परत उठली. गुप्ते सर घसा साफ करत म्हणाले, "मी माझं मत मागे घेतो."

* * *

आता बार ऑनलाइन मागवणार, तेवढ्यात हरेश आडवा आला. "मॅडम, मी फिटर माणूस. घरात वेल्डिंग मशीन हाय. बार मी बनवनार. माझ्या आत्येसाठी!"

या बोलण्यावर नाही कसं म्हणणार? त्याने भंगारवाल्याकडून पाइप आणला. बॅचमधल्या प्रत्येकाची उंची मोजली, खांद्यांची रुंदी मोजली, हात खाली सोडून मनगट ते जमीन अंतर मोजलं. सरांचं तर दोनदा मोजलं. पंधरा दिवसांनी टेम्पोतून बार आला. निळा रंग, चकाचक, जोड एकदम पक्के. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मी वजनाची प्लेट उचलून लावायला गेले. जाईना. पाइप प्लेटच्या भोकापेक्षा जाड!

"हरेश, प्लेटचं भोक मोजलंस?"

"नाय."

"सगळ्यांची मापं घेतलीस, मग प्लेटचं का नाही?"

"मॅडम," हरेश शांतपणे म्हणाला, "प्लेटला कुठं दुखतंय?"

* * *

त्या बारच्या मुठीही त्याच जाड पाइपच्या. सरांची बोटं वळेनात. हरेशने स्वतः धरला आणि त्याच्याच हातातून निसटला. तोंड बघण्यासारखं झालं होतं! मी धरला, कसाबसा उचलला, हाताला रग लागली.

आत्याने दोन्ही हात लावले. उचलला. धरून उभी राहिली आणि आमच्याकडे बघू लागली.

"तीस वर्सं मिठागरात मीठ ओढलाय. तिथला दांडा याच्याहून जाड व्हता. तुमचे हात काय पोल्या लाटायचे?"

प्लेटांचा प्रश्नही तिनेच सोडवला. दुसऱ्या दिवशी विक्रम रिक्षातून दोन गोण्या मीठ घेऊन उतरली. खाडीचं जाडं मीठ. हरेशने दोन्ही बाजूंना हुक जोडले, गोण्या टांगल्या. प्रत्येकी बरोब्बर दहा किलो, मी स्वतः काट्यावर तोलून घेतल्या. वहीत लिहिलं. आणि काम सुरू झालं.

आठवड्यातून तीन दिवस. बारचे पाच-पाचचे सेट, नंतर बसून उठणं, तेही पाच वेळा. आधी खुर्चीवरून. मग स्टुलावरून. मग उलट्या बादलीवरून. शेवटी पाटावरून उठायचं होतं. दर वेळी उठायच्या आधी मी ओरडायची, "छाती वर! श्वास धर! जमीन ढकल!" माझा नियम एकच. पाचचा सेट म्हणजे पाच. एकदा सर चार उठबशा करून टॉवेलकडे वळले, तर मी त्यांना परत बोलावलं. ते वाद घालायला लागले, "ऐंशी टक्के म्हणजे डिस्टिंक्शन, मॅडम!"

आत्या म्हणाली, "सर, अर्धा धवला सोडला तं देव दारातून परत जातात. पुरा करा."

सरांनी पुरा केला.

* * *

ऐन श्रावणात गाडी अडली. आत्या बादलीपर्यंत आली होती, तिथून खाली जाईना. तीन आठवडे वजन तेच, आणि तेही तिला जड व्हायला लागलं. आधी सहज होणारे पाच आता दमून व्हायचे. मी रोज वही बघायची. तिचे गुडघे हरत चाललेत, असं वाटायला लागलं. मी तिला शब्द दिला होता. हरेशच्या भावाने तर पेनड्राइव्ह आणूनही ठेवला होता, म्हणे.

एके सकाळी लादी पुसताना गोण्यांखाली ओलं दिसलं. वर छप्पर कोरडं. गुप्ते सरांनी बोट लावलं आणि थेट जिभेवर ठेवलं.

"खारट!"

मी गोणी उचलली आणि समोरच्या वाण्याच्या काट्यावर नेऊन आदळली. दहाची गोणी बाराला टेकली होती! दुसरीही तशीच. पावसाळी हवेतलं पाणी मीठ पीत होतं आणि मी वहीत दहाच लिहीत होते. आत्या हरत नव्हती. ती दर आठवड्याला जास्त उचलत होती!

मी तिथेच वाण्याच्या दुकानात नाचायची बाकी राहिले. पळत आले. "आत्या, तुला कळलं नाही का गोण्या जड झाल्यात?"

"कलला ना. पावसात मीठ पानी पितो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मना वाटला," आत्या म्हणाली, "त्यासाठीच तू मिठाला व्हय बोललीस! आपोआप वाढत जातो म्हनून!"

* * *

खंडेनवमीला आत्या झेंडूचा हार घेऊन आली. बार पुसला, हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. माझा प्रोग्रॅम ठरलेला होता. त्या दिवशी पहिल्यांदा पाटावरून उठायचं होतं. मी म्हटलं, "झाली पूजा? चला, आता सुरू करू."

"आज नाय."

"आत्या, लग्नाला किती दिवस राहिलेत माहितेय ना? एकेक दिवस महत्त्वाचा आहे!"

ती जागची हलली नाही. "इतके महिने तो मना उठवतो. आज त्याला बसू दे."

त्या दिवशी जिम बंद. चौघांनी नारळाचं खोबरं खाल्लं आणि घरी गेलो. मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. दोन दिवसांनी आत्या पाटावर बसली आणि उठली. एकदाच, मी काखेत हात घालून. पण उठली.

* * *

प्राचीची हळद.

मांडव भरलेला. नवऱ्याकडची मंडळीही आलेली, त्यांची स्वतःची धवलारीण घेऊन. ती म्हातारी कडक, नाकात भलीमोठी नथ, आणि सगळ्यांकडे तपासायला आल्यासारखी बघणारी. मी, गुप्ते सर आणि सरांच्या सौभाग्यवती पुढच्या रांगेत. पेनड्राइव्ह स्पीकरला लावून तयार होता. मी तो डोळ्यांनी बघितला.

आत्या पाटावर बसली, ती कुणाचा हात न धरता. समोर तांदळाचा चौक. आणि तिने आवाज लावला. जिममध्ये इतके महिने मी तिला ऐकलं, पण हे कधी ऐकलं नव्हतं. एकेका देवाला हाक मारत होती, एकेका पूर्वजाला नावाने बोलावत होती. प्राचीच्या पणजीचं नाव आलं तसा हरेश रडायला लागला. तास होऊन गेला. मला धवला अर्धाच ऐकू येत होता, कारण मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होते.

धवले संपले. आता उठायचं. दोघी-तिघी धावल्या.

"हात नका लावू!" आत्या म्हणाली.

तिने पाय सोडवले, टाचा जवळ घेतल्या. दोन्ही हात बाजूंना सोडले आणि मुठी वळल्या, जाड पाइप धरल्यासारख्या. आणि तशीच थांबली. उठेना. तिने मान वर केली आणि गर्दीतून नेमकं माझ्याकडे पाहिलं.

मग मला कळलं. पाच महिने ती माझ्या एका आरोळीवर उठत होती. आरोळी झालीच नव्हती!

मी मांडवात उभी राहिले आणि जीव तोडून ओरडले, "छाती वर! श्वास धर! आत्या, जमीन ढकल!"

आणि ती उठली. एकटी. सरळ. कुणाचा हात नाही, कशाचा आधार नाही. मला पुढचं धड दिसेना, डोळे भरून आले होते. गुप्ते सरांनी आनंदाने दोन्ही हात वर केले, उजवाही, पार डोक्याच्या वर! सरांच्या बाईंनी त्यांच्याकडे वळून बघितलं.

आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात आत्याचा खणखणीत आवाज आला.

"एक!"

आणि ती परत पाटावर बसली.

"आत्ये, झालं गो, झालं!" हरेश पुढे आला. तिने त्याला हातानेच थांबवलं. उठली. "दोन!" बसली.

तिसऱ्या वेळी पहिल्या रांगेतल्या बायका तिच्याबरोबर उठल्या आणि बसल्या. "तीन!" चौथ्या वेळी नवऱ्याकडच्याही सामील झाल्या. "चार!" डोक्यावर पदर सारखा करत, मोठ्या भक्तिभावाने. "पाच!" म्हणताना अर्धा मांडव एका दमात उभा राहिला, आणि कुणीतरी अक्षता टाकल्या.

आत्याने पदराने कपाळ पुसलं, चौकाला नमस्कार केला आणि ताठ चालत नवरीकडे गेली.

नवऱ्याकडची धवलारीण माझ्या शेजारीच उभी होती. तीही पाचही वेळा उठबस करून दमली होती. श्वास घेत, नथ सावरत तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"तुमच्यात पाचच?" ती म्हणाली. "आमच्यात सात असतात!"